पायांचं काम टेबलाकडे

प्रश्न : नोकरीतून निवृत्त होऊन नागावला (ता. अलिबाग) घरी आलो आहे. सुतारकामाची हौस आहे. करवत, हातोडी, एक लोखंडी रंधा, दोन पटाश्या, गुण्या आणि ड्रिल मशीन एवढी जमवाजमव झाली. सध्या जेवणाच्या जुन्या टेबलावर काम करतो, पण रंधा मारायला लागलं की लाकडाआधी टेबलच पुढे सरकतं. यूट्यूबवर परदेशी लोकांची टेबलं पाहिली, तर ती आमच्या दिवाणखान्यातल्या फर्निचरपेक्षा देखणी! पाच हजारांच्या आत, इथे मिळणाऱ्या वस्तूंतून, नवशिक्याला जमेल असं कामाचं टेबल कसं करावं?

उत्तर : ‘टेबलच पुढे सरकतं’ या तक्रारीत तुमचं अर्धं उत्तर आहे. जेवणाच्या टेबलाला आयुष्यभर वरून येणारा भार पेलायचा असतो. रंधा मात्र टेबलाला आडवा रेटतो, आणि तोही दर हाताला त्याच दिशेने. चार बारीक पाय आणि वर एक पातळ फळा असला की सांधे कितीही घट्ट ठोका, आठवड्याभरात ते डुलायला लागतं. म्हणून सुतारी टेबल दिसायला कसं असावं हा विचार सोडून द्या. ते जड हवं, लांबीच्या दिशेने ताठ हवं आणि त्यावर ठेवलेलं लाकूड जागचं हलता कामा नये. यूट्यूबवरची देखणी टेबलं ही बहुतेक वेळा त्या माणसाचं पाचवं-सहावं टेबल असतं. पहिल्याला रंधा मारलेला पृष्ठभाग वरच्या बाजूलाच लागतो, बाकी सगळं खडबडीत राहिलं तरी चालतं.

लाकडासाठी नव्या सागाच्या नादी लागू नका. अलिबाग तालुक्यात जुनी कौलारू घरं पाडून बंगले उभे राहताहेत. त्या घरांचे वासे, खांब, माळ्याच्या फळ्या वखारीत किंवा थेट पाडकामाच्या जागी मिळतात. सागाचं मिळालं तर उत्तमच, पण ऐन किंवा किंजळही टेबलाला फार चांगला, कारण दोन्ही जड. पन्नास-साठ पावसाळे पाहिलेलं लाकूड जेवढं वाकायचं तेवढं वाकून झालेलं असतं. एकच काळजी घ्या : खिळे. रंध्याचं पातं एका जुन्या खिळ्यावर गेलं की धार लावण्यात सकाळ जाते. लोहचुंबक फिरवून, टोकदार सळीने टोचून प्रत्येक खिळा आधी काढा. वाळवीचे बोगदे असलेली बाजू कापून टाका, ‘आतून बरी असेल’ असा विचार करू नका.

आता मापं. पाच फूट लांब, वीस ते बावीस इंच रुंद. पैसे वाचवण्याची सगळ्यात मोठी जागा इथे आहे, आणि ती फारसं कुणी सांगत नाही. टेबलाचा वरचा भाग सगळा जाड असण्याची गरजच नाही. ठोकणं, रंधणं, पटाशी चालवणं, हे सगळं पुढच्या दहा-बारा इंचांत होतं. तेवढ्यापुरती दोन ते अडीच इंच जाडीची फळी घ्या (एक रुंद नसेल तर सहा इंची दोन शेजारी शेजारी). मागे एक इंचाची साधी फळी पुरते. दोन्ही एकाच आडव्या पट्टीवर बसत असल्याने मागची फळी आपोआप इंच-दीड इंच खाली राहते आणि हत्यारं ठेवायला खोलगट जागा तयार होते. या खोलगट जागेत भुसा साचतो अशी शुद्धतावाद्यांची तक्रार असते. साचतो खरा. झाडू घ्यावा.

जाड फळी कुठेच मिळाली नाही तर प्लायवूडही चालतं. आठ बाय चार फुटांच्या शीटमधून चार फूट बाय दोन फुटांचे चार तुकडे निघतात. त्यातले दोन एकमेकांवर चिकटवून स्क्रूंनी आवळले की अठरा मिलिमीटरच्या शीटमधून छत्तीसची जाडी मिळते, आणि वरचा भाग त्याचाच होतो (टेबल मात्र पाचऐवजी चार फूट लांबीचं होतं). दुकानदार कापून देतो. शीटवर आयएस ७१० असा शिक्का असेल तर ते पाण्याला टिकणारं, आयएस ३०३ हे साधारण घरकामाचं. समुद्रापासून हाकेच्या अंतरावर, उघड्या पडवीत टेबल राहणार असेल तर पहिलं घ्या.

पाय तीन बाय तीन इंचांचे, चार. उंची ठरवायला सरळ उभे राहा, रोजच्या चपला घालून, हात सैल सोडून. मनगटाची घडी जिथे येते ती टेबलाची उंची. साडेपाच फुटांच्या माणसाला ती साधारण बत्तीस इंचांच्या आसपास पडते. स्वयंपाकाच्या ओट्यापेक्षा जरा खाली. रंधा मारताना अंगाचं वजन वरून टाकता आलं पाहिजे, नुसत्या दंडाच्या जोरावर दुपारपर्यंत काही होत नाही. पायांची लांबी म्हणजे या उंचीतून वरच्या फळीची जाडी वजा.

दोन-दोन पायांच्या दोन चौकटी करा, एक डावी, एक उजवी. प्रत्येक चौकटीत वर एक आणि खाली जमिनीपासून पाचेक इंचांवर एक अशा दोन आडव्या पट्ट्या. पट्टी दीड इंच जाड आणि तीन इंच रुंद. ती पायाला नुसती खिळ्यांनी न ठोकता पायात दीड इंच खोल खाच पाडून तिच्यात बसवा. खाच पाडणं नवशिक्याला वाटतं तितकं अवघड नाही : दोन्ही कडांच्या रेषांवर करवतीने दीड इंच खोल काप द्या, मधे आणखी तीन-चार काप द्या, मग पटाशी आडवी धरून हातोडीने मधले तुकडे उडवा आणि तळ सपाट करा. पट्टी हाताने दाबल्यावर जरा कुरकुरत आत गेली पाहिजे. फेव्हिकॉल आणि दोन स्क्रू पुरेत. खाच सैल झाली तर लाकडाची पातळ चीप फेव्हिकॉलमध्ये बुडवून फटीत घाला. जुन्या दरवाज्यांच्या चौकटीही अशाच दुरुस्त झालेल्या दिसतील.

आता टेबलाला रंध्यासमोर उभं ठेवणारा भाग. आठ इंच रुंद, सव्वा इंच जाड आणि पाच फूट लांब अशा दोन फळ्या घ्या. एक पुढच्या दोन पायांच्या बाहेरून, एक मागच्या दोन पायांच्या बाहेरून, वरच्या फळीला चिकटून उभ्या बसवा. प्रत्येक पायाला दोन बोल्ट, म्हणजे एकूण आठ : तीन अष्टमांश इंच जाडीचे, पाच इंच लांबीचे, जस्ताचा मुलामा दिलेले, वॉशरसकट. या उभ्या फळ्यांमुळे टेबल लांबीच्या दिशेने ताठ राहतं, कारण आडवा रेटा आला की आठ इंचांची रुंदी त्याच्याविरुद्ध उभी राहते. इंग्लंडमध्ये पीटर निकल्सन यांनी १८१२ च्या आपल्या पुस्तकात जॉइनरचं असंच टेबल दाखवलं, आणि आजही तशा घडणीला त्यांच्याच नावाने ओळखतात. स्वस्तातलं पहिलं टेबल म्हणून मला तरी याहून चांगली रचना माहीत नाही. पुढच्या फळीवर बोल्टचं डोकं आत बुडेल एवढा खळगा आधी पाडा, नाहीतर पुढे लाकूड टेकवताना ते सारखं आडवं येईल. बोल्ट वापरण्याचा दुसरा फायदा असा की मुलाच्या घरी न्यायचं झालं तर टेबल सुटं करता येतं आणि पावसाळ्यानंतर सैल झालं तर पान्याने आवळता येतं. खिळ्यांच्या टेबलाला ही सोय नाही.

खालच्या आडव्या पट्ट्यांवर फळ्या टाका आणि त्यावर जांभ्याचे तीन-चार चिरे ठेवा. एकेक चिरा पंचवीस-तीस किलोचा भरतो. तुमचं टेबल तिथेच शंभर किलोंनी जड झालं, खर्च जवळजवळ शून्य.

वरची जाड फळी बसवली की ती पिळलेली आहे का ते बघा. सारख्या उंचीच्या दोन सरळ पट्ट्या टेबलाच्या दोन टोकांना आडव्या ठेवा आणि एका टोकाला खाली वाकून दोन्हींच्या वरच्या कडा एका रेषेत येतात का ते पाहा. एक कोपरा वर दिसला तर तो आणि त्याच्या समोरचा तिरका कोपरा रंधा मारून उतरवा. ही दोन पट्ट्यांची युक्ती पाणसळीपेक्षा जास्त भरवशाची, कारण पाणसळ पडवीच्या उताराबद्दल सांगते, फळीच्या पिळाबद्दल नाही.

लाकूड धरण्यासाठी लोखंडी शिकंजा आत्ता घेऊ नका. तुमच्या पाच हजारांतला मोठा वाटा तोच खाईल. टेबलाच्या डाव्या टोकाला अर्धा इंच जाडीची आडवी पट्टी स्क्रूने बसवा. रंधायचं लाकूड तिला टेकवा, रेटा त्या दिशेनेच जातो. (डावखुरे असाल तर उजव्या टोकाला.) लाकूड बाजूला सरकत असेल तर त्याच्या कडेला दोन इंच अंतर सोडून दुसरी पट्टी ठोका आणि मधल्या फटीत पाचर मारा. फळीची कड रंधायची असेल तर पुढच्या उभ्या फळीत तीन-चार भोकं पाडून त्यांत लाकडी खुंट्या घाला, फळी खुंट्यांवर उभी ठेवा आणि डाव्या टोकाला कोनात कापलेल्या ठोकळ्यात तिचं नाक पाचरीने अडकवा. कापण्यासाठी एक छोटी फळी करा : खालच्या बाजूला पुढे एक पट्टी, ती टेबलाच्या कडेला अडते, आणि वरच्या बाजूला मागे एक पट्टी, तिला लाकूड टेकवून करवत चालवायची. तासाभराचं काम आहे आणि ती फळी वर्षानुवर्षं टिकते. जोडीला दोन सी-क्लॅम्प असले की शिकंज्याची आठवण बरेच महिने येत नाही.

शेवटी आपलं हवामान. अलिबागला वर्षाला २००० मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो, आणि तो जवळपास सगळा चार महिन्यांत. जानेवारीत कोरडं झालेलं लाकूड ऑगस्टमध्ये हवेतली ओल पिऊन रुंदीला फुगतं, लांबीला जवळजवळ नाही. दहा इंच रुंदीची सागाची आडवी चिरलेली फळी कोरड्या आणि ओल्या मोसमांत मिळून साधारण एक सूत कमी-जास्त होऊ शकते. म्हणून टेबल दिवाळी ते शिमगा या काळात करा आणि वरच्या फळ्यांमध्ये एक सूत फट ठेवा. ती पावसाळ्यात मिटेल. फट ठेवली नाहीत तर फळ्या एकमेकींना रेटून मधे उठतात. वरच्या फळीला दोन्ही बाजूंनी तेल लावा, एकाच बाजूला लावलं तर ती वाकते. अळशीचं तेल चालेल, पण त्याची ओली चिंधी चुरगळून कोपऱ्यात टाकू नका : ते तेल वाळताना तापतं आणि चिंधी आपोआप पेट घेऊ शकते. पसरून वाळवा किंवा पाण्यात भिजवून टाका. प्रत्येक पायाखाली कडप्प्याचा तुकडा ठेवा, वाळवी आणि फरशीची ओल दोन्ही लांब राहतात. वरून पडवीत आडवा पाऊस येतो त्या बाजूला मात्र टेबल लावू नका, मग कितीही तेल लावा.

प्रश्न : आमच्या गावात (मुरूड परिसर) घरकामाचे सुतार जमिनीवर बसून, पायाने लाकूड धरून दारं-खिडक्या करतात. त्यांना टेबल लागत नाही. मग हौशी माणसाला ते कशाला?

उत्तर : ज्यांना ते जमतं त्यांना खरंच लागत नाही. जमिनीवर बसलेल्या सुताराचा डावा पाय म्हणजे शिकंजा, उजव्या पायाची टाच म्हणजे अडणी, आणि गुडघा वाकवून पकड सैल-घट्ट करणं एका क्षणाचं काम. कुठलाही लोखंडी शिकंजा इतक्या लवकर उघडत-मिटत नाही. खाडीच्या काठी होडी बांधताना पाहिलंत तर तिथेही टेबल दिसत नाही. मोठी फळी होडीवरच धरून घासतात, म्हणजे होडीच टेबल. जपानमध्येही सुतार परंपरेने जमिनीजवळ, उतरत्या तुळईवर काम करत आणि रंधा ढकलण्याऐवजी स्वतःकडे ओढत.

पण हे सारं लहानपणापासून बसणाऱ्या अंगाचं आहे. साठीच्या माणसाला पहिल्याच दिवशी तसं बसायला सांगितलं तर दुपारी तो उठू शकणार नाही, संध्याकाळी मलम लागेल आणि शिकणं तिथेच थांबेल. टेबल म्हणजे आपल्या अंगात नसलेल्या त्या पायांची भरपाई. उभ्याने काम करायचं ठरवलं की पायांचं धरण्याचं काम दुसऱ्या कशाला तरी द्यावं लागतं, म्हणून पट्ट्या, पाचरी आणि खुंट्यांचा एवढा खटाटोप. फ्रान्समध्ये आंद्रे रूबो यांच्या सुतारकामावरच्या ग्रंथाचं प्रकाशन १७६९ मध्ये सुरू झालं. त्यातल्या चित्रातलं टेबल नीट पाहिलं तर त्यातही वरचा भाग कमी आणि धरण्याची योजना जास्त आहे.

तुम्हाला मधला मार्ग हवा असेल तर तोही आहे, आणि तो फार जुना. रोमन लोकांची टेबलं गुडघ्याइतकी बुटकी असत. इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या उद्रेकात गाडल्या गेलेल्या हर्क्युलेनियममध्ये एक भित्तिचित्र सापडलं, त्यात असंच बुटकं टेबल आहे. जर्मनीतल्या साल्बुर्ग या रोमन किल्ल्यातही तसंच एक सापडलं. अडीच इंच जाडीची, आठ-दहा इंच रुंदीची आणि पाच फूट लांबीची एक फळी घ्या. खालून गिरमिटाने चार तिरकी भोकं पाडा, त्यांत बाहेर झुकणारे गोल पाय ठोका. त्यावर घोड्यासारखं बसून लाकूड मांड्यांनी धरायचं, किंवा एक गुडघा वर टेकवून करवत चालवायची. मुरूडच्या बाजारातलं सामान आणि एक दिवस पुरेसा आहे. पडवीत जागा कमी असेल तर मी तुम्हाला हेच करायला सांगेन, मोठं टेबल नंतर.

प्रश्न : ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात आमच्या वाडीतले (दिवेआगर) नारळ पडले होते. त्यातले दोन ओंडके मी वाळवून आडोशाला ठेवले. टेबलाला वापरता येतील का?

उत्तर : अर्धे. नारळ हे सागासारखं वर्षाला एक कडं वाढवणारं झाड नाही. ते ताडाच्या कुळातलं, एकदा जेवढं जाड झालं तेवढंच राहणारं. त्यामुळे त्याची मजबुती बाहेरच्या बाजूला असते आणि मधला भाग भुसभुशीत. बुंध्याकडचा खालचा भाग आणि बाहेरचा दोन-अडीच इंचांचा थर कठीण, बाकीचा आतला भाग दाबला तर नख उमटेल. बाहेरच्या थराचे पाय किंवा खालच्या आडव्या पट्ट्या करता येतील, वरच्या फळीला ते नको, कारण कठीण धाग्यांमधला मऊ भाग ठोकल्यावर दबतो. शिवाय नारळाच्या लाकडात वाळूसारखी सिलिका असते, करवत आणि पटाशी दोन्ही लवकर बोथट होतात. धारेचा दगड शेजारी ठेवूनच काम करा. फोफळीचं खोड मात्र या कामाचं नाही. आंबा पडला असेल तर त्याचं पाहा : मऊ, स्वस्त, कापायला सोपा, पण बारीक भोकं पाडणारा किडा त्याला आवडतो. वापरण्याआधी टोचून बघा आणि बोरॅक्सच्या पाण्याचा हात द्या. किनाऱ्यावरच्या सुरूच्या बनातलं लाकूड मात्र नकोच, पडलेलं दिसलं तरी. ती झाडं किनाऱ्याचं रक्षण करायला लावलेली आहेत आणि तोडायचा अधिकार आपला नाही.

प्रश्न : उरणला जेएनपीएच्या (पूर्वीची जेएनपीटी) गोदामांतून सुटणारे लाकडी पॅलेट स्वस्तात मिळतात. त्यांवर ‘एचटी’ किंवा ‘एमबी’ अशी अक्षरं असतात. ती काय आहेत? ते लाकूड घरात वापरायला धोक्याचं तर नाही?

उत्तर : देशोदेशीच्या किडी लाकडातून फिरू नयेत म्हणून २००२ मध्ये एक आंतरराष्ट्रीय नियम झाला. परदेशी जाणाऱ्या खोक्यांच्या आणि पॅलेटच्या लाकडाला आधी उपचार करावे लागतात आणि गव्हाच्या ओंबीच्या चिन्हासह शिक्का मारावा लागतो. शिक्क्यात देशाची दोन अक्षरं आणि उपचाराची दोन अक्षरं असतात. ‘एचटी’ म्हणजे लाकूड तापवून आतल्या गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअसवर अर्धा तास ठेवलेलं. ‘एमबी’ म्हणजे मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेलं. तो वायू उडून जातो, तरी घरात मुलं वावरणार असतील तर ‘एचटी’च घ्या, आणि शिक्काच नसेल तर त्यातून काय वाहून नेलं असेल याची खात्री नसल्याने टाळा. तेलाचे, रसायनाचे डाग किंवा वास असलेला पॅलेट फुकटातही घेऊ नका.

पॅलेटच्या फळ्या जेमतेम तीन-चार सूत ते पाऊण-एक इंच जाडीच्या असतात, म्हणून त्या टेबलाच्या वर लावायला पुरेशा नाहीत. त्यांतून खालचा फळा, मागची पातळ फळी, कापण्याची फळी, खुंट्या आणि पाचरी करा. टेबलाला पाय आणि वरची फळी हवी असेल तर पॅलेटऐवजी मोठ्या यंत्रांच्या खोक्यांचे दांडे विचारा. तीन-चार इंच जाडीचे पाइनवूडचे दांडे त्यांत असतात, आणि चार-पाच दांडे उभे शेजारी ठेवून फेव्हिकॉलने चिकटवले की तीन इंच जाडीचा वरचा भाग तयार होतो. पॅलेट उचकटताना पहारीने ओढू नका, पाइनवूड चिरतं. फळी आणि दांड्याच्या मधे हॅकसॉचं पातं घालून खिळेच कापून टाका. कापलेली टोकं फळीत राहतील, ती वर येऊ नयेत म्हणून खिळा बसवायच्या सुंब्याने आत ठोका, आणि तिथे रंधा फिरवायचा मोह झाला तर पुन्हा एकदा लोहचुंबक फिरवून बघा.